विश्लेषण : गाडीतल्या गाण्यांसाठी दुसरी बॅटरी... गरज किती, धोका किती?

दसऱ्याला नवी गाडी दारात आली की आठवडाभरात म्युझिक सिस्टीमचा विषय निघतो. कंपनीने दिलेल्या चार स्पीकरवर समाधान होत नाही. मग डिकीत सबवूफर येतो, सीटखाली ॲम्प्लिफायर बसतो आणि थोड्याच दिवसांत रात्री गाणे लावले की प्रत्येक ठेक्याला हेडलाइट मंद होताना दिसतात. दुकानात दाखवायला नेले की उत्तर ठरलेले असते : ‘दुसरी बॅटरी टाकून घ्या.’ हे उत्तर काही मोजक्या गाड्यांसाठी बरोबर आहे. बहुतेक गाड्यांसाठी ते चुकीचे आहे. आणि वायर, फ्यूज यांचा विचार न करता ते अमलात आणले, तर गाडी पेटण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

हेडलाइट का लुकलुकतात?

इंजिन चालू असताना गाडीला वीज बॅटरी देत नाही, अल्टरनेटर देतो. बॅटरीचे मुख्य काम सेल्फ फिरवण्याचे. एकदा इंजिन सुरू झाले की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टने सगळा भार उचलतो आणि उरलेल्या विजेत बॅटरी भरत राहतो. छोट्या पेट्रोल गाडीचा अल्टरनेटर साधारण ७० ते ९० अँपिअरचा असतो आणि बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची.

पावसाळ्यातल्या रात्रीचा हिशेब पाहू. हेडलाइट, वायपर, एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, इंधनाचा पंप आणि इंजिनचा संगणक मिळून ४५-५० अँपिअर सहज खातात. ८० अँपिअरच्या अल्टरनेटरकडे मग ३० अँपिअर शिल्लक राहतात, तेही इंजिन वेगात फिरत असेल तर. हिंजवडीच्या रांगेत गाडी नुसती गुरगुरत उभी असते, तेव्हा अल्टरनेटरची क्षमता निम्म्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली येते.

आता ॲम्प्लिफायर. खरोखर १००० वॅट देणारा, ८० टक्के कार्यक्षमतेचा ‘क्लास डी’ ॲम्प पूर्ण जोरात असताना साधारण ९० अँपिअर ओढतो. गाणे म्हणजे सलग जोर नव्हे, त्यामुळे सरासरी ओढ याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राहते. डीजे रिमिक्स लावला तर त्याहून वर. पण ठेका पडतो त्या क्षणी मागणी पूर्ण असते. अल्टरनेटर पुरा पडत नाही, व्होल्टेज १४ वरून बॅटरीच्या साडेबारापर्यंत घसरते आणि दिवे मंदावतात.

इथे एक खुलासा हवा. खोक्यावरचा ‘३००० वॅट’ हा आकडा जुन्या टेपरेकॉर्डरवरच्या ‘पीएमपीओ’चाच भाऊ आहे. ॲम्पच्या मागच्या बाजूचा फ्यूज पाहावा. तो ३० अँपिअरचा असेल, तर आत जाणारी वीजच जास्तीत जास्त ४१४ वॅट आणि बाहेर येणारी साधारण ३३० वॅट. अशा ॲम्पला दुसरी बॅटरी सुचवणाऱ्या दुकानदाराला हा फ्यूज काढून दाखवला तरी पुरे.

दुसरी बॅटरी नेमके काय करते?

सोसायटीच्या गच्चीवर दुसरी टाकी बसवली म्हणून महापालिकेच्या नळाला जास्त पाणी येत नाही. पाणी नसताना थोडा वेळ अधिक निघतो, एवढेच. आणि रिकामी झालेली मोठी टाकी भरायला त्याच नळाला जास्त वेळ लागतो. दुसरी बॅटरी हीच टाकी आहे. ती वीज तयार करत नाही, साठवते. गाडी रोज जेवढी वीज खर्च करते तेवढी अल्टरनेटर देत नसेल, तर दोन बॅटऱ्या एकीपेक्षा थोड्या उशिरा उतरतील, पण उतरतील नक्की. उलट इंजिन सुरू झाल्याबरोबर दोन्ही भुकेल्या बॅटऱ्या अल्टरनेटरवर तुटून पडतात, तो अधिक तापतो आणि त्याचे आयुष्य घटते.

ठेक्यापुरती गरज भागवायला मदत मात्र होते. ॲम्पच्या शेजारी बॅटरी असेल, तर क्षणिक मागणी लांबच्या वायरीतून न येता जवळूनच भागते. ‘कपॅसिटर’ नावाने विकला जाणारा चकचकीत दंडगोल हेच काम करतो, पण त्याचा आवाका किती? एक फॅरडचा कपॅसिटर १४.४ व्होल्टवरून १२ व्होल्टपर्यंत येईपर्यंत साधारण ३२ ज्यूल देतो. १००० वॅटच्या मागणीला ते सेकंदाचे ३ टक्के इतका वेळ पुरते. वर निळे आकडे दिसतात, एवढा त्याचा खरा फायदा.

दिवे मंदावत असतील, तर बॅटरीच्या आधी पाहायच्या तीन वायरी आहेत : अल्टरनेटरपासून बॅटरीच्या धन टोकापर्यंतची, बॅटरीच्या ऋण टोकापासून बॉडीपर्यंतची आणि इंजिनपासून बॉडीपर्यंतची. कंपनीने त्या मूळ भारापुरत्या जाड ठेवलेल्या असतात. कोकणात आणि गोव्यात तर अर्थिंगचा नटच गंजलेला सापडतो. तो घासून साफ करणे आणि या तीन वायरी जाड करणे, हा दुसऱ्या बॅटरीच्या तुलनेत किरकोळ खर्च आहे आणि कित्येकदा तक्रार तिथेच संपते.

मग ती कोणाला लागते?

इंजिन बंद ठेवून तासन्‌तास आवाज हवा असेल, त्याला. निवडणुकीतली प्रचाराची रिक्षा आठवावी. मागच्या सीटवर वेगळी बॅटरी, तिच्यावर १२ व्होल्टचा ॲम्प्लिफायर आणि टपावर भोंगे. रिक्षाच्या वायरिंगशी त्या बॅटरीचा संबंध नसतो. दिवसभर वाजवायची आणि रात्री दुकानात चार्जरला लावायची. स्पीकरवाल्यांची ही साधी रीत आजही सर्वांत निर्धोक आहे. सहलीला, शेतावर किंवा किनाऱ्यावर चार तास गाणी ऐकायची असतील, तर गाडीशी न जोडलेली, घरी चार्ज करून आणलेली बॅटरी हाच पहिला पर्याय असायला हवा. दुकानात तो सुचवला जात नाही, कारण त्यात वायरिंगची मजुरी नाही.

हिशेबही सोपा आहे. ७५ अँपिअर-तासांची, खोलवर उतरणे सहन करणारी बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे साधारण ३७ अँपिअर-तास हाताशी. मध्यम आवाजातली सिस्टीम सरासरी १० अँपिअर ओढत असेल, तर साडेतीन तास निघतात. हेच काम गाडीच्या मूळ बॅटरीकडून करून घेतले, तर दोन तासांत ती अर्ध्याच्या खाली जाते आणि निघायच्या वेळी सेल्फ ‘टकटक’ करून गप्प बसतो. सेल्फच्या बॅटरीतल्या प्लेट पातळ असतात. क्षणभर प्रचंड प्रवाह देण्यासाठी त्या बनवलेल्या असतात. वारंवार खोल उतरवल्या की काही महिन्यांत निकामी होतात.

खरोखर हजार वॅटच्या पुढे जाणाऱ्या हौशी सिस्टीम हा वेगळा वर्ग. तिथे दुसरी बॅटरी असतेच, पण त्याआधी जास्त क्षमतेचा अल्टरनेटर बसवलेला असतो. ५०० वॅटच्या आतल्या सिस्टीमला, म्हणजे रस्त्यावरच्या बहुतांश गाड्यांना, दुसऱ्या बॅटरीची गरज नाही.

दोन बॅटऱ्या जोडायच्या कशा?

नुसत्या एकमेकींना समांतर बांधल्या, तर गाणे ऐकताना दोन्ही उतरतात आणि मूळ हेतूच बुडतो. शिवाय जुनी बॅटरी नवीला खाली खेचते. म्हणून मधे ‘आयसोलेटर’ लागतो. त्याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे रिले. इंजिन चालू असताना दोन्ही जोडल्या जातात, बंद झाल्यावर तुटतात. या रिलेला चालू होण्याचा इशारा इग्निशनच्या वायरीतून देणे ही दुकानांतली सर्रास चूक आहे. चावी फिरवताच, सेल्फ सुरू होण्यापूर्वीच, दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातात आणि सेल्फचा शे-दोनशे अँपिअरचा भार डिकीतल्या बॅटरीवरून लांबच्या वायरीतून धावतो. फ्यूज उडाला तर नशीब म्हणायचे.

व्होल्टेज ओळखणारा रिले याहून बरा. मुख्य बॅटरी १३.३ व्होल्टच्या आसपास पोहोचली, म्हणजे अल्टरनेटर कामाला लागला, की तो जोडतो, १२.८ च्या आसपास आल्यावर तोडतो. डायोडचे आयसोलेटरही मिळतात, पण साध्या डायोडवर अर्धा-पाऊण व्होल्ट खर्ची पडतो आणि दुसरी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही.

नव्या गाड्यांनी हे सगळे अवघड केले आहे. इंधन वाचवण्यासाठी इंजिनचा संगणक अल्टरनेटरचे व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो. वेग कमी करताना वाढवतो, एरवी उतरवतो. अशा गाडीत व्होल्टेजवर चालणारा रिले गोंधळतो. तिथे ‘डीसी टू डीसी चार्जर’ हवा, जो मिळेल त्या व्होल्टेजमधून दुसऱ्या बॅटरीला हवे तेवढेच देतो. अनेक नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. जादा बॅटरीची किंवा ॲम्पची अर्थिंगची वायर थेट त्या टोकावर कसली, की सेन्सरला तो भार दिसतच नाही आणि चार्जिंगचा सगळा हिशेब चुकतो. ती वायर बॉडीच्या अर्थिंगवर घ्यायची असते. मारुतीच्या काही ‘स्मार्ट हायब्रिड’ मॉडेलांत कंपनीचीच लहान लिथियम बॅटरी आधीपासून असते. तिला गाण्यांसाठी हात लावायचा नाही. विजेवरच्या गाडीत तर अल्टरनेटरच नसतो. मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट तयार करणाऱ्या उपकरणाची मर्यादा ठरलेली असते आणि नारिंगी रंगाच्या वायरी जीवघेण्या व्होल्टेजच्या असतात.

सर्वांत मोठा धोका कुठे आहे?

बॉनेटपासून डिकीपर्यंत गेलेल्या चार-पाच मीटरच्या जाड वायरीत. एका बॅटरीच्या गाडीत ॲम्पची वायर एका टोकाला विजेला जोडलेली असते, म्हणून बॅटरीजवळचा एक फ्यूज पुरतो. दुसरी बॅटरी आली की त्याच वायरीच्या दोन्ही टोकांना वीज असते. मधे कुठे वायर चेपली, सीटच्या रुळाखाली आली किंवा पत्र्याच्या कडेवर घासून सोलली, तर बॉनेटमधला फ्यूज उडेल. पण डिकीतली बॅटरी त्या जागी शेकडो अँपिअर ओतत राहील. तांबे लालबुंद होते, प्लास्टिकचे आवरण पेटते आणि खाली गालिचा, वर सीटचा फोम असतो. म्हणून दोन बॅटऱ्यांच्या वायरीला दोन फ्यूज लागतात, प्रत्येक बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत एकेक. बहुतेक वायरिंग किटमध्ये एकच फ्यूज येतो. दुसरा वेगळा मागावा लागतो, आणि गिऱ्हाइकाने मागितला नाही तर तो बसत नाही.

फ्यूजचा आकडा ॲम्प पाहून नव्हे, वायर पाहून ठरवायचा. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. वारंवार उडतो म्हणून ६० च्या जागी १५० अँपिअरचा टाकणारा कारागीर वायरीलाच फ्यूज बनवत असतो.

वायरीची जाडी हा दुसरा मुद्दा. शुद्ध तांब्याच्या १६ चौरस मिलिमीटर वायरीतून पाच मीटरवर ९० अँपिअर गेले, तर अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. ३५ चौरस मिलिमीटरची घेतली तर पाव व्होल्टहून कमी. स्वस्त किटमधली वायर मात्र बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची असते. ती तांब्याच्या साधारण दोनतृतीयांशच वीज वाहते आणि तिच्यावरचे आवरण इतके जाड असते की पातळ वायरही दणकट भासते. ओळखायची कशी? टोक सोलून आतली तार चाकूने खरवडावी. आत चंदेरी दिसली तर ती ॲल्युमिनिअम. बॉनेटमधून आत येताना पत्र्याला भोक पाडले असेल तर तिथे रबरी ग्रोमेट हवे. ही पाच-दहा रुपयांची वस्तू नसल्याने वर्षभराच्या हादऱ्यांत आवरण कापले जाते.

कोणती बॅटरी, कुठे ठेवायची?

साधी, डिस्टिल्ड वॉटर घालायची बॅटरी प्रवाशांच्या कप्प्यात कधीही नको. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि हवेत या वायूचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगी पुरते. हॅचबॅक किंवा एसयूव्हीची डिकी म्हणजे प्रवाशांचा कप्पाच. मधे पत्रा नसतो. आत ठेवायची तर ‘एजीएम’ प्रकारची बंद बॅटरीच हवी. ती महाग असते, पण आम्ल सांडत नाही आणि नेहमीच्या वापरात वायू जवळजवळ बाहेर पडत नाही. ज्या परदेशी गाड्यांत कंपनीच बॅटरी डिकीत देते, तिथेही वायू बाहेर नेणारी नळी असते, हे लक्षात घ्यावे.

घरच्या इन्व्हर्टरची जुनी ट्युब्युलर बॅटरी डिकीत ठेवण्याची युक्ती अनेकांना सुचते. ५०-६० किलोचे, आम्लाने भरलेले ते धूड अचानक ब्रेक लागल्यावर कुठे जाईल, याचा विचार करावा. कोणतीही बॅटरी बॉडीला बोल्टने कसलेल्या तळावर, पट्टीने आवळून आणि धन टोकावर टोपी घालूनच ठेवायची. बेल्टने सीटला बांधणे म्हणजे बांधणे नव्हे.

लिथियम फॉस्फेट बॅटरी हलकी असते आणि खोल उतरणे सहज सोसते. मात्र ती अल्टरनेटरमधून वाटेल तेवढा प्रवाह ओढते, त्यामुळे तिला डीसी टू डीसी चार्जरशिवाय जोडू नये. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत पारा ६०च्या घरात जातो, हेही ध्यानात ठेवावे. जुन्या स्कूटरच्या सेलपासून कुणी जुळवून दिलेले पॅक स्वस्तात मिळतात. ते गाडीत नकोतच.

आणि चार्जिंग? रात्री वापरलेले ३५-४० अँपिअर-तास पाऊण तासाच्या ऑफिसच्या फेरीत भरून निघत नाहीत. शिशाच्या बॅटरीची शेवटची २० टक्के भरणी फार हळू होते. आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली बॅटरी आतून सल्फेटने धरते. महिन्यातून एकदा तरी घरी योग्य चार्जरवर रात्रभर लावली, तरच ती टिकते.

आवाज किती वाढतो?

या सगळ्या खटाटोपाचे फळ डेसिबलमध्ये पाहिले तर हिरमोड होतो. ५०० वॅटचे १००० वॅट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. फरक कळतो, इतकाच. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण दहापट ताकद लागते. तेच ३ डेसिबल अधिक संवेदनशील स्पीकर निवडून किंवा सबवूफरचे खोके नीट मापाचे करून मिळतात, तेही एक अँपिअर न वाढवता. दारातला पत्रा थरथरत असेल तर डॅम्पिंगची शीट लावल्याने बेस सुधारतो. बॅटरीच्या पैशांत ही कामे आधी व्हावीत.

शिवाय कान. अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल ८ तास, तर १०० डेसिबल केवळ १५ मिनिटे सुरक्षित मानले जातात. काचा बंद करून मोठा सबवूफर वाजवला तर शंभरी गाठणे अवघड नाही, आणि मागच्या सीटवर लहान मुले असतात. गाडीबाहेरचा विचार केला तर २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सोसायटीच्या पार्किंगमध्ये डिकी उघडून वाढदिवस साजरा करणाऱ्यांना ही मर्यादा ओलांडायला दुसऱ्या बॅटरीची गरज पडत नाही.

विमा आणि वॉरंटीचे काय?

कंपनीच्या मूळ किमतीत नसलेली विजेची उपकरणे विम्यात आपोआप येत नाहीत. ‘आयएमटी २४’ या तरतुदीखाली त्यांची किंमत जाहीर करून जादा हप्ता भरावा लागतो. मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकात तो उपकरणांच्या किमतीच्या ४ टक्के होता. न जाहीर केलेल्या ॲम्पची आणि बॅटरीची भरपाई मागता येत नाही. आग हा विम्यात मोडणारा धोका आहे, पण विजेचा बिघाड वगळलेला असतो. जळालेल्या गाडीत फ्यूज नसलेली वायर सापडली, तर सर्व्हेअरशी वाद अटळ. वायरिंग कापून जोडले असेल तर त्या भागाच्या वॉरंटीबाबत कंपनीही हात वर करते.

या वादात गाडीमालकाकडे पुरावा काय असतो? बहुधा ‘म्युझिक सिस्टीम फिटिंग’ एवढे तीन शब्द लिहिलेली कच्ची पावती. घरात मीटर बसवायला परवानाधारक वायरमन लागतो. गाडीत शेकडो अँपिअरची वायर टाकणाऱ्याकडे असे काही विचारले जात नाही. परिवहन विभागाने यात लक्ष घालायला हवे. तोपर्यंत ग्राहकाने पैसे देण्यापूर्वी पक्क्या बिलावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : वायर तांब्याची की मुलाम्याची आणि किती चौरस मिलिमीटरची, दोन्ही फ्यूजचे आकडे आणि जागा, आयसोलेटरचा प्रकार आणि बॅटरीचा प्रकार. दुकानदार हे लिहून द्यायला तयार नसेल, तर त्याच्याकडून काम करून घेऊ नये.